उजव्या खांद्यामागे

१

दुपारची जेवणं आटोपली की वल्लरी आतल्या खोलीची खिडकी लावून घ्यायची, फटींत जुने टॉवेल कोंबायची, पंखा बंद करायची आणि मग वडलांना हाक मारायची. भिंतींवर तिनं घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गोधड्या टांगल्या होत्या. त्या खोलीत शिरलं की आपलाच आवाज कुणीतरी उशीखाली दाबून धरल्यासारखा वाटायचा. मुगभाटातली ती इमारत तशी गजबजलेली. पण त्या वेळेला खालचा इस्त्रीवाला डुलक्या काढत असायचा, शाळेतली पोरं परतायला अवकाश असायचा, आणि मेट्रोचं खोदकाम संपल्यापासून जमिनीखालची धडधडही थांबली होती. गिरगावात रेकॉर्डिंगला याहून बरी वेळ मिळणं कठीण.

शरदचंद्र यायचे ते इस्त्रीचा सदरा घालून, केस विंचरून. सारं आयुष्य रेडिओवर बातम्या वाचलेला माणूस. माईकसमोर घरच्या गंजीत बसणं त्यांना जमणारं नव्हतं. वेताच्या खुर्चीत ताठ बसायचे, कोमट पाण्याचा एक घोट घ्यायचे आणि वाचायला लागायचे.

त्यांच्या घशात गाठ निघाली होती. स्वरयंत्र काढून टाकावं लागणार, जीव वाचेल पण आवाज जाईल, असं डॉक्टरांनी समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं. पावसाळ्याआधीची तारीखही ठरली होती. आई गेल्यापासून त्या घरात तशीही कामापुरतीच बोलणी होत. वल्लरी दादरच्या एका स्टुडिओत साउंड एडिटर होती. दिवसभर परक्यांचे आवाज ऐकायची. पण ‘पपा, काहीतरी बोला, मला तुमचा आवाज साठवून ठेवायचाय’ हे वाक्य काही तिच्या तोंडून निघेना.

म्हणून ती देवदत्तकाकांकडे गेली. देवदत्त म्हणजे पपांचे शाळेपासूनचे मित्र, इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी जनरल लॅम्बर्न नावाच्या एका इंग्रज सेनानीचं जाडजूड चरित्र लिहिलं होतं आणि ते मित्रमंडळींपलीकडे कुणी वाचलं नव्हतं. याचं ऑडिओबुक करू या, वाचतील पपा, असं तिनं सुचवलं तेव्हा काकांचे डोळे भरून आले. पपाही लगेच कबूल झाले. काम आहे म्हटल्यावर त्यांनी कधीच नाही म्हटलं नव्हतं.

आणि मग एक दिवसाआड, वल्लरी स्टुडिओतून सुटी घेई त्या दुपारी, तो लॅम्बर्न त्यांच्या घरात वाढू लागला. कोवळ्या वयात मुंबई बंदरावर उतरलेला कॅडेट, उन्हानं सोललेल्या नाकाचा. जवळ पैसा नाही, ओळखपाळख नाही. होता तो फक्त आवाज. कवायतीच्या मैदानावर त्यानं हुकूम दिला की पार पलीकडच्या टोकाचे घोडे कान टवकारत, असं देवदत्तांनी लिहिलं होतं. पपांनी ते वाक्य वाचलं आणि पाण्याचा आणखी एक घोट घेतला. मग पुढं वाचू लागले.

दुसऱ्या दिवशी दादरला वल्लरीनं हेडफोन चढवले. वाचणाऱ्याचे श्वास कापून काढणं हे तिचं नेहमीचं काम. पपांच्या श्वासाला हल्ली बारीकशी शिटी असायची. परिच्छेद संपला, शिटी वाजली. आणि तिच्या पाठोपाठ आणखी एक श्वास ऐकू आला. खोल, निकोप, तोंड उघडून घेतलेला. बोलायला सुरुवात करण्याआधी माणूस घेतो तसा.

पण त्या श्वासापुढं कुणी काही बोललं नाही.

२

आपलाच असणार, असं तिनं ठरवलं. आपण दाराशी बसलेलो असतो, माईक चांगला आहे, पकडला असेल. तिनं तो तुकडा कापला आणि पुढं गेली. पण तसा श्वास पुन्हा आला, आणखी पुन्हा आला, आणि प्रत्येक वेळी परिच्छेदाच्या शेवटीच. दुसऱ्या दुपारी ती मुद्दाम खोलीबाहेर जाऊन बसली, दार लोटून. श्वास होताच. उलट आता तो माईकच्या अधिक जवळ आला होता.

त्या आठवड्यात मुलतानचं प्रकरण निघालं. देवदत्तकाका त्या दिवशी ऐकायला आले होते. मुलतानच्या वेढ्यात लॅम्बर्नच्या गळ्यात गोळी शिरली. तो वाचला, पण आवाज कायमचा गेला. उरली फक्त घशातली खरखर. त्याला घरी पाठवायचं ठरत होतं. मात्र लॅम्बर्न गेला नाही. त्यानं पलटणीतला एक कोकणी शिपाई आपल्यापाशी घेतला. हा शिपाई त्याच्या उजव्या खांद्यामागे उभा राही. साहेब मान किंचित वळवून ओठ हलवी, आणि शिपाई ते शब्द साऱ्या पलटणीला ऐकू जातील असे उच्चारी. इंग्रजी हुकूम इंग्रजीत, हिंदुस्थानी हिंदुस्थानीत. पुढच्या साऱ्या मोहिमा, बढत्या, मेजर जनरलचा हुद्दा, दरबार, मेजवान्या, सगळं या दुसऱ्या माणसाच्या तोंडानं झालं. काही वर्षांनी हाताखालचे अधिकारी विसरूनच गेले की हा आवाज साहेबांचा नाही.

वाचन संपल्यावर चहा पिताना पपांनी त्या शिपायाचं नाव विचारलं. ते कुठंच मिळालं नाही, असं देवदत्त म्हणाले. साऱ्या कागदांत त्याचा उल्लेख नुसता ‘माझा माणूस’ असाच येतो. पपांनी कप खाली ठेवला.

“देवदत्ता,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, “त्याला स्वतःचं काही बोलायचं असलं, तर तो काय करत असेल रे?”

देवदत्त हसले. असले प्रश्न इतिहासाला विचारायचे नसतात, म्हणाले. पण पपा हसले नाहीत. त्यांनी बातम्या वाचल्या होत्या, सरकारी निवेदनं वाचली होती, पुढाऱ्यांच्या मरणाचे शोकसंदेश वाचले होते. सगळं कुणीतरी दुसऱ्यानं लिहून दिलेलं. वल्लरीच्या हे तेव्हा प्रथमच लक्षात आलं आणि तिला उगीच गलबलून आलं.

३

पुढच्या प्रकरणाच्या रेकॉर्डिंगमध्ये पुस्तकात नसलेलं एक वाक्य निघालं.

इराणच्या मोहिमेचं वर्णन होतं. जहाजं, उन्हाळा, पटकीनं मेलेली माणसं. पपा शांतपणे वाचत होते. वाक्य संपलं, शिटी वाजली, तो दुसरा श्वास आला. आणि मग पपांच्याच आवाजात, स्वच्छ, हळुवार:

“आवशीक सांगा, मी बरो आसंय.”

वल्लरीनं हेडफोन काढले, टेबलावर ठेवले, पुन्हा घातले. बाहेर रानडे रोडवरचे फेरीवाले ओरडत होते, तिच्या शेजारचा मुलगा एका जाहिरातीचं संगीत बसवत होता. सारं जिथल्या तिथं होतं. तिनं ते वाक्य परत परत ऐकलं. खोली तीच, अंतर तेच, गोधड्यांनी गिळलेली ती दबलेली शांतता तीच. पण त्यांचं घर पाठारे प्रभूंचं. पपांच्या तोंडी मालवणी कधी यायची नाही. आणि दुसरं म्हणजे, या आवाजात घोगरेपणाचा मागमूस नव्हता.

संध्याकाळी घरी येऊन तिनं पपांना नुसते हेडफोन दिले. त्यांनी ऐकलं. चेहऱ्यावर काही उमटलं नाही; बातमी कसलीही असो, त्यांचा चेहरा तसाच राही. मग त्यांनी हेडफोन काढून काळजीपूर्वक वायर गुंडाळली.

“आवाज माझा आहे,” ते म्हणाले. “पण हा मी नाही.”

आपण हे बंद करू या, असं वल्लरी म्हणाली. ताणानं असं होतं, औषधांनी होतं, कधी आपल्याच नकळत काहीतरी बोललं जातं. तिनं सुचतील ती कारणं सांगितली. पपांनी सगळी ऐकून घेतली. मग म्हणाले की एकच प्रकरण राहिलंय, ते सोडणं बरं नाही. आणि पुढं म्हणाले, की बिचारा आईला निरोप देतोय, त्यात भ्यायचं काय.

वल्लरीला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. भीती वाटत होतीच. पण तिला अधिक छळत होतं ते हे, की त्या वाक्यातला आवाज तिच्या लहानपणचा होता. शाळेत जाताना घराघरातून ऐकू यायचा तो.

४

शेवटचं प्रकरण जनरलच्या मृत्यूचं होतं. दुसऱ्या दिवशी पपांना इस्पितळात दाखल व्हायचं होतं. वल्लरी दाराशी जमिनीवर बसली, मांडीवर रेकॉर्डर, कानांवर हेडफोन.

म्हातारा लॅम्बर्न परळला एका बंगल्यात राहत होता. बायको विलायतेत, मुलगा अफगाणांच्या मुलखात मेलेला. सोबत फक्त तो माणूस, आता त्याचेही केस पांढरे झालेले. तापानं जनरलचे ओठसुद्धा नीट हलेनात. तरी त्याच्याकडे वाकून हा माणूस डॉक्टरला, पाद्र्याला, भेटायला आलेल्या अधिकाऱ्यांना उत्तरं देत होता. साहेब खरंच काही म्हणत होते की हा आपल्याच मनानं बोलत होता, हे कुणालाच कळलं नाही, असं देवदत्तांनी लिहिलं होतं.

इथवर आल्यावर पपांचा आवाज फाटला. त्यांनी खाकरून पाहिलं, पाणी घेतलं, पुन्हा सुरुवात केली. दोन शब्द आले आणि नुसती हवा आली. त्यांनी डोळे मिटले, तळहात तोंडावर दाबला. झालं, वल्लरीच्या मनात आलं, आजच संपला. ती उठणार तोच हेडफोनमध्ये पुढचं वाक्य सुरू झालं.

पपांच्याच आवाजात. भरदार, निवांत, प्रत्येक शब्दाला त्याची जागा देणारा.

तिनं वर पाहिलं. पपा तसेच बसले होते, तोंडावर हात ठेवून. बोटांमागे ओठ हलत नव्हते. खुर्चीच्या मागच्या भिंतीवर आईची निळी गोधडी टांगली होती. ती पपांच्या उजव्या खांद्याशी जराशी पुढं आलेली होती, आत कुणी पाठ टेकून उभं राहावं तशी. आणि गोधडीच्या खालच्या काठाशी, लादीवर, दोन अनवाणी पाय होते. टाचा जुळवलेल्या. बोटांवर धूळ.

हात आपोआप बटणावर गेला. ते दाबलं की सारं थांबणार होतं. पण कानात तो आवाज होता, आणि तो परत कधीच ऐकायला मिळणार नव्हता. तिनं डोळे मिटून घेतले आणि शेवटचं पान पुरतं ऐकलं. जनरल गेला. त्याला लष्करी इतमामात पुरलं. त्या माणसाचं पुढं काय झालं, ठाऊक नाही.

डोळे उघडले तेव्हा गोधडी सपाट लोंबत होती. पपा तिच्याकडे बघत होते. तिनं बटण दाबलं नाही याबद्दल त्यांनी नुसती मान हलवली, एखाद्या लहान मुलीला शाबासकी द्यावी तशी.

५

ऑपरेशन चांगलं झालं. पपा घरी आले ते गळ्याच्या खड्ड्यातल्या छिद्रातून श्वास घेत. नाकातून हवा जाणं थांबलं, तसा वासही गेला. वल्लरीनं कोळंबीचं भुजणं केलं, सारी इमारत दरवळली, आणि ते शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसून राहिले. ते पाहून तिला स्वयंपाकघरात रडू कोसळलं. बोलायचं असलं की ते नुसते ओठ हलवत, नाहीतर पाटीवर लिहीत. गळ्याला लावून बोलायचं यंत्र आणलं होतं, त्याला ते हात लावेनात. दुपारी मात्र नेमानं आतल्या खोलीत जाऊन खुर्चीत बसत. तिनं गोधड्या काढायचं म्हटलं तर हातानंच नको म्हणाले.

दादरला तिनं शेवटच्या प्रकरणाची फाईल उघडली. जनरलला पुरल्याच्या वाक्यानंतर ती संपायला हवी होती. पण पुढं रेषेत अजून हिरवे डोंगर दिसत होते, आवाजाचे. तिनं ऐकलं. पपांचा आवाज आईबद्दल बोलत होता. लग्नानंतर चौपाटीवर दोघं भिजली होती, तेव्हा घरी काय थाप मारली, ते. वल्लरीला हे कधीच माहीत नव्हतं.

रोज फाईल थोडी लांब होई. तिनं यंत्र तपासलं, दुसऱ्या यंत्रावर नकल करून पाहिली, सहकाऱ्याला विचारलं. काही हाती लागलं नाही. मग एका दुपारी ती लवकर घरी आली. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. पपा माईकसमोर बसले होते. माईकची वायर तिनं कधीच काढून ठेवलेली. त्यांनी मान जराशी उजवीकडे वळवली होती आणि त्यांचे ओठ अखंड हलत होते. तिची चाहूल लागली तशी त्यांनी वर पाहिलं, हसले, आणि काहीतरी म्हणाले. ओठांवरून तिला ते सहज कळलं.

दुसऱ्या दिवशी दादरला ते तिच्या कानांनी ऐकलं: “वलू, दार लोटून घे.”

त्यानंतरचे काही दिवस वल्लरी सुखात होती, असंच म्हणावं लागेल. पपा जे जन्मात बोलले नसते ते तिला रोज ऐकायला मिळत होतं. तिच्या पहिल्या पगाराचे पेढे त्यांनी साऱ्या न्यूजरूममध्ये स्वतः फिरून वाटले होते. तिचं लग्न मोडलं तेव्हा ते तिच्या दाराबाहेर उभे राहिले होते, आत यावं की नाही ते न कळून. ती ऐकायची, रडायची, आणि श्वास तेवढे कापून टाकायची.

एकदा मात्र तिनं तो दुसरा श्वास कापण्याआधी नीट ऐकला. तो आता निकोप राहिला नव्हता. धापा टाकल्यासारखा, तुटक, आत कुठंतरी घासत येणारा. आणि त्याला बारीकशी शिटी होती.

तिनं आधीच्या दिवसांचे कापलेले तुकडे शोधून ओळीनं लावले. पहिल्या दुपारपासून आजपर्यंत. अंगावर काटा आला, पण तो भीतीचा नव्हता. एखादा माणूस पाठीवर ओझं घेऊन जिना चढतोय आणि आपण वरून नुसते ऐकतोय, तसं तिला झालं.

६

ते तुकडे तिनं घरी आणले आणि सुटीच्या दुपारी पपांना ऐकवले. आधी त्यांचे स्वतःचे शब्द. आपला जुना आवाज ऐकून ते हरखले. डोळे मिटून, बोटानं ताल धरल्यासारखं ऐकत राहिले. मग तिनं ओळीनं ते श्वास ऐकवले. ताल थांबला.

त्यांनी पाटी ओढली. ‘दमलाय,’ असं लिहिलं. पुसलं. मग लिहिलं, ‘माझं झालं बोलून.’

“पपा, थोडेच दिवस,” वल्लरी म्हणाली. आपण काय मागतोय ते तिला कळत होतं, तरी ती म्हणाली. “तुम्ही पाटीवर हे सगळं लिहिणार नाही. मला ठाऊक आहे.”

पपांनी तिचा हात धरला. तिच्याकडे नीट पाहत, प्रत्येक शब्द ओठांवर वेगळा करत ते म्हणाले, आणि तिला ते अगदी स्पष्ट वाचता आलं: लिहीन.

मग ते उठले. इस्त्रीचा सदरा घातला, केस विंचरले. आतल्या खोलीत जाऊन त्यांनी माईक उचलून कपाटात ठेवला, तिचा रेकॉर्डरही बाहेर आणून तिच्या हातात दिला. वेताची खुर्ची दाराकडे तोंड करून मांडली, सदऱ्याच्या बाहीनं बैठक पुसली. स्वतः बसले नाहीत. खुर्चीच्या उजव्या अंगाला, भिंतीकडे वळून, त्यांनी हात पुढं केला, आलेल्या माणसाला बस म्हणावं तसा. त्यांचे ओठ हलले. वल्लरी दारातून बघत होती. ते म्हणत होते: बसा. आता तुमचं बोला.

खोलीत काहीच झालं नाही. दुपारचं ऊन टॉवेलांच्या फटीतून एका रेघेत आत आलं होतं, त्यात धूळ तरंगत होती. पपा बाहेर आले आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

दोघं बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसली. खालून इस्त्रीवाल्याचं घोरणं ऐकू येत होतं. वल्लरीला वाटलं, उगीच आपण काय करतोय हे. दोन शहाणी माणसं रिकाम्या खोलीबाहेर बसलो आहोत. आणि मग आत वेत करकरला. जड माणूस बेतानं, अवघडून टेकतो, तसा.

कितीतरी वेळ त्यापुढं काही नाही. मग श्वास.

मग तो बोलला. पपांच्या आवाजात नव्हे. हा आवाज चिरका होता, न वापरल्यानं गंजलेला. मध्येच अडखळत होता, पहिल्यापासून सुरुवात करत होता. शब्द कळत नव्हते, फक्त मालवणी हेल तेवढा दारातून झिरपत होता. काहीतरी विचारल्यासारखं झालं. मग एक हसू, लाजल्यासारखं.

वल्लरी उठली. दाराला कान लावला तर सगळं ऐकू येईल, एवढं जवळ होतं ते. पण पपांनी तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं आणि मान हलवली. ते आपल्यासाठी नव्हतं.

ती बसली. त्यांच्या खांद्यावर तिनं डोकं टेकलं. लहानपणीसुद्धा कधी टेकलं नव्हतं. पपांनी दुसऱ्या हातानं पाटी मांडीवर घेतली आणि पेन्सिल शोधू लागले. जिन्यावर शाळेतून परतलेल्या पोरांचा धुडगूस सुरू झाला, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली, समोरच्या गॅलरीत दिवा लागला. आत तो माणूस आता न अडखळता बोलत होता, आणि थांबायचं काही नाव घेत नव्हता.